सुस्कारा टाकणारा खांब

भिवापूरच्या मिरची बाजारात गप्पा आळसावल्या की शालिकराम हमखास म्हणायचा, "आमच्या बाईच्या बापाच्या बागेत खांब सुस्कारा टाकते म्हंते." मग चहावाल्यासकट सगळे हसत. त्याच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं, हे चाळीस वर्षं ऐकलं होतं. स्वतःवरचं हसणं ती सहज गिळून टाकायची, पण हे हसणं तिच्या बापावरचं होतं आणि ते गळ्याखाली उतरत नव्हतं. तो सुस्कारा तिला ऐकवला होता तो बापानंच.

तिचा बाप देवाजी राणीच्या बागेत मोट हाकून कारंज्याचा हौद भरायचा. बाग भोसल्यांच्या वेळची, नागपूरच्या बाहेर, कळमेश्वरच्या वाटेवर. पंचफुलाचं लग्न झालं, पुढं बाप गेला, बागेला कुलूप लागलं आणि तिचं माहेर तिथंच संपलं. यंदा बाग दुरुस्त करून लोकांसाठी उघडली होती. पुतण्याच्या लग्नाला दोघं नागपुरात आले, तेव्हा बाई हटूनच बसली. हळदीला उशीर झाला तरी चालेल, बाग पाहूनच जायचं.

बाग छान झाली होती. नको तितकी छान. जिथं तिथं सिमेंटचे प्राणी आणि त्यांच्या गळ्यात हात घालून फोटो काढणारी माणसं. कारंजं मात्र कोरडं ठणठणीत. त्याच्या काठावर बागेचे मुकादम चंपतराव कपाळाला हात लावून बसले होते.

"हौद भरला नाई का भाऊ?" तिनं विचारलं.

"काठोकाठ भरला, मावशी. नळबी साफ केले. पाणी अर्ध्या वाटेत कुठी मरून राहिलं, समजूनच नाई राहिलं. जुनं खापराचं काम. उद्या जेसीबी येते. सारं उखडून प्लास्टिकचा पाइप टाकतो."

पंचफुलाबाई काठापासून मागं वळली. बापानं आयुष्यभर सांभाळलेला नळ उद्या ढिगाऱ्यात जाणार होता. तिनं उंचावरच्या हौदाकडं पाहिलं. हौद आणि कारंजं यांच्या मधोमध तो खांब उभा होता, छातीइतका उंच, विटांचा. आणि त्याच्या डोक्यावर तीन रंगांचा सिमेंटचा मोर.

"हा मोर कधी बसवला?"

"यंदाच. वरती भोक होतं, त्यात कचरा जाये. मंग लिंपून टाकलं."

"हाच का वं तुहा सुस्कारेवाला?" शालिकराम हसला. "आता तं मोरच बसला त्याच्या उरावर."

बाई हसली नाही. "मोर काढा, भाऊ."

"सायबानं बसवला, मावशी. मले कापतीन."

"उद्या सारी बाग खोदून राहिले, तं आज एक मोर काढाले तुमचं काय जाते? नळात वारा अडकला हाय. वारा निघन तवा पाण्याले जागा होईन. माहा बाप रोज आधी या भोकाचं बूच, लाकडाचा गट्टू काढे, मंग हौद सोडे; पाणी वर आलं का परत ठोके."

उद्याच्या खोदकामाची धास्ती चंपतरावांनाही होतीच. त्यांनी लोखंडी सब्बल मागवली. मोर उतरला, गिलावा फुटला, आत बोटभर रुंद काळं भोक दिसलं. बाईनं शालिकरामला गट्टूसाठी बाभळीचं लाकूड तासायला बसवलं आणि चंपतरावांना हौदाची झडप हळूहळू उघडायला धाडलं. मग तिनं वाकून खांबाच्या भोकाला कान लावला.

काहीच नाही. फोटो काढणारे थांबून बघू लागले. शालिकरामनं मुद्दाम घसा खाकरला. आपल्या लहानपणी आपणच काही भलतं ऐकलं की काय, असं क्षणभर तिला वाटून गेलं, तरी कान तिनं हलवला नाही.

आणि खांबानं सुस्कारा टाकला. लांब, गार, चिखलाच्या वासाचा. तिच्या कानाजवळचे पांढरे केस उडाले.

"या जी," ती नवऱ्याला म्हणाली. "कान लावा."

शालिकरामनं कान लावला. त्याचं हसू ओठांवरून उतरत उतरत पार मिशीत विरून गेलं. आतून गुळगुळ आवाज चढू लागला, तशी बाईनं हात पुढं केला. "दुपट्टा द्या तुमचा." लग्नासाठी घेतलेला नवाकोरा दुपट्टा त्यानं खांद्यावरून काढून दिला. तिनं पट्टी फाडली, लाकडाला गुंडाळली आणि भोकातून पाणी उसळताच गट्टू दगडानं ठोकून बसवला.

कारंजं आधी खोकलं. गढूळ पाणी आलं, मेलेले कोळी आले, आणि मग नऊच्या नऊ तोट्यांतून पाणी एकदम पुरुषभर उडालं. पोरं ओरडत पाण्यात घुसली. चंपतरावांनी भिजतच फोन लावला. "जेसीबी नको पाठवू गा. म्हंजे नकोच." मग ते बाईकडं वळले. "कोणं शिकवलं, मावशी?"

"माह्या बापानं. देवाजी मोटकरी." ती इतक्या मोठ्यानं बोलली की कारंज्यापलीकडच्या माणसांनीही ऐकलं. आनंदानं तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

शालिकराम उरलेला दुपट्टा पिळत शेजारी उभा होता.

"आता सांगा बाजारात," ती म्हणाली.

"तूच सांग," तो म्हणाला. "मी बाजूले बसून हो म्हणतो."