उपासाचं मीठ

जनूच्या नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. देवपूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं, की गोदूबाई त्याच्या पायाशी बसायची आणि काही न बोलता बोट दाबून बघायची. आज खळगा जरा जास्तच खोल वाटला. ती गुडघ्यावर हात टेकत उठली. गुडघ्यांनी कुरकुर केली. हल्ली त्या घरात कुरकुर करायचं काम तेवढं गुडघेच करत होते, कारण नवराबायकोचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं.

झालं होतं असं. दिवाळीनंतर जनूच्या पायांना सूज आली आणि अंबरनाथ पश्चिमेच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, "काकांची किडनी थकलीय. मीठ बंद. लोणचं, पापड, सुकट, सगळं बंद. सूज उतरली तर बरं, नाहीतर डायलिसिसचा विचार करावा लागेल." गोदूबाईनं त्याच संध्याकाळी मिठाची बरणी माळ्यावर टाकली. पण पुढच्या तपासणीला रक्तातला आकडा उतरायच्या ऐवजी चढलेला. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून जनूकडे बघितलं.

"काका, बाहेर खाताय ना? वडापाव?"

"नाय वो मॅडम. शपथ घेतो."

त्या हसल्या. रोज असल्या शपथा ऐकणाऱ्या माणसाचं हसू. गोदूबाई तिथं गप्प राहिली, डॉक्टरांसमोर 'हो' याच्यापलीकडे ती कधी बोललीच नव्हती. पण रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाली, "तुमी नाक्यावर जाऊन बसता, तिथं काय हरिनाम घेता का?"

"मी काय खाल्ला नाय, गोदू."

"मग सूज काय आभालातून पडली?"

जनूनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं नाक्यावर जाणं सोडलं. खिडकीत बसायचा आणि समोरची बिल्डिंग बघायचा. पालेगावातली ती बिल्डिंग त्याच्याच भाताच्या खाचरावर उभी होती.

आता गोदूबाईचं म्हणाल, तर ती मिठागरातली लेक. बापाची आगरं उरणकडं. तिला मिठाचं काय शिकवायचं? तिच्या आजीच्या लेखी मीठ एक नव्हतंच. खाडीचं मीठ चंद्राचं, कारण ते पुनवेच्या भरतीनं येतं. म्हणून ते पाणी ओढतं, आणि नजरही ओढतं. मोहऱ्यांबरोबर ओवाळून विस्तवावर टाकलं की तडतडतं, ती लागलेली दृष्ट. काळं मीठ शनीचं, त्यात गंधकाचा वास आणि लोखंडाचा अंश. मीठ काढून घेतल्यावर वाफ्यात उरतं ते कडू पाणी राहूचं. ते अवसेला बांधावर शिंपडायचं, घरात आणायचं नाही. आणि सैंधव डोंगराचं. त्याचा तांबूसपणा मंगळाचा, मंगळ म्हणजे रक्त आणि अग्नी.

शिवाय सैंधव देवाचं. चतुर्थी, एकादशी, श्रावणातले सोमवार, गोदूबाईनं जन्मभर मिठाशिवाय काढले होते. त्या दिवशी साबुदाण्यात, वरीच्या तांदळात सैंधव पडायचं आणि तरी तिच्या मनात कधी आलं नाही की आपण मीठ खाल्लं. देवानं जे कधी मीठ म्हणून धरलं नाही, ते डॉक्टरीण कशाला धरेल?

त्यातून पायात पाणी साठणं म्हणजे सरळसरळ चंद्राचा आजार. चंद्राचं मीठ बंद करा, मंगळाचं द्या, अग्नी पाणी सुकवील. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आणि आजीचं म्हणणं तिला असं एकात एक बसलेलं दिसलं. म्हणून ती दोन्ही वेळच्या भाजी-आमटीत सैंधव घालत होती, देवाचं नाव घेऊन. जनूला वाटायचं, बायकोच्या हाताला चव आहे, अळणीसुद्धा गोड लागतं.

पण सूज काही हटेना. त्या सोमवारी, चतुर्थीच्या दुपारी, ती उल्हासनगरला गेली. तिथल्या कॅम्प दोनच्या बाजारात लाजवंतीचं दुकान होतं. खडे, यंत्रं, स्फटिकाच्या माळा, आणि सैंधवाच्या दगडातले दिवे, आत बल्ब लावलेले. गोदूबाई सैंधव तिथूनच आणायची. चढ चढून गेल्यामुळे तिला दम लागला होता. लाजवंतीनं स्टूल पुढे केलं आणि नेहमीची सैंधवाची पुडी बांधायला घेतली.

"बसा मावशी. पाणी? नको? अच्छा, निर्जळी उपवास. किती उपवास करता तुम्ही, देव पण थकला असेल."

"मीच थकलंय. मना विचारायचं होतं, या सैंधवाचा तांबडा रंग मंगळाचाच ना?"

"रंग आयर्नचा आहे. लोखंड."

गोदूबाई गोंधळली. लोखंड तर शनीचं. म्हणजे आपण मंगळाबरोबर शनीलाही घरात घेतलं की काय? मग तिला वाटलं, एवीतेवी घेतलाच आहे तर नीटच घ्यावा. "मग त्याच्याबरोबर काळं मीठ पन द्या थोडं. दोन्ही घालून बघतंय जेवणात. यांची सूज उतरत नाय."

लाजवंतीचा पुडी बांधणारा हात थांबला. "जेवणात? काय झालंय काकांना?"

"किडनी थकलीय. मीठ बंद सांगितलंय."

"और ये डालते हो?"

"हे उपासाचं हाय."

लाजवंतीनं पुडी परत काउंटरच्या आत ओढली. "मावशी, ये भी नमक ही है. रंग गुलाबी आहे, बाकी अंदर तेच. मी हे कोपऱ्यात ठेवायला विकते, दिवे विकते, पाय बुडवायला देते. पण माझे मिस्टर डायलिसिसवर होते ना, तेव्हा घरात एक दाणा ठेवला नव्हता. ना सफेद, ना गुलाबी, ना काला."

गोदूबाईची नजर काउंटरच्या वर गेली. तिथं हार घातलेला एक फोटो होता.

"पन ग्रह तर वेगले," ती पुटपुटली.

"ग्रह अलग होंगे. किडनी को वो दिखता नहीं."

पुडी न घेताच ती निघाली. शेअर रिक्षात तिघींच्या मध्ये दबून बसल्यावर तिला आठवत राहिली ती आपलीच चिमूट. सैंधव चवीला कमी खारट लागतं म्हणून ती बोटं जरा सैल सोडायची. प्रेमानं सोडायची. मग इतक्या वर्षांचे उपास तरी खरे की खोटे, असाही विचार डोकावला, पण त्याच्यामागे जायची ताकद तिच्यात उरली नव्हती. देवाशी नंतर बोलता येईल. तो वाट बघतो. घरी बसलेल्या माणसाचं तसं नव्हतं.

जनू खिडकीतच होता. तिनं चप्पल काढली, पाय धुतले आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली.

"तुमच्या जेवनात मीच मीठ घालत होते. सैंधव. मना वाटला, ते मीठ नाय."

ती शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर तिला हलकं वाटलं असतं.

"म्हंजे मी खोटा नव्हतो," जनू म्हणाला.

"नाय."

"मना पन कधीकधी वाटायचा, झोपेत उठून खातो की काय." त्यानं सुजलेला पाय उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. "त्या डॉक्टरनीसमोर सांगशील?"

गोदूबाई पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "सांगीन."

सांगायला दोन दिवस गेले. दवाखान्यात गर्दी होती. नंबर लागल्यावर जनू खुर्चीत बसायच्या आधीच ती बोलायला लागली, नाहीतर धीर सुटला असता.

"बाई, यांनी बाहेर काय खाल्ला नाय. मी देत होते. उपासाचं मीठ, सैंधव. रोज."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "किती?"

गोदूबाईनं अंगठा आणि दोन बोटं जुळवून दाखवली. मग ती बोटं थोडी सैल केली, कारण खोटं दाखवायचं नव्हतं. "दोन्ही वेळेला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं वाटलं, पण त्याही दमलेल्या दिसत होत्या. "घालायचं बंद केलं?"

"सोमवारपासून. अळणीच जेवतो दोघं."

"मग आज रक्त घेऊ, आणि पंधरवड्यानं परत. किडनीचं किती नुकसान झालंय ते आत्ता नाही सांगता येणार. कदाचित डायलिसिस टळेल, कदाचित नाही." मग त्या जनूकडे वळल्या. "काका, मी तुम्हाला उगाच बोलले. चुकलं माझं."

"असूं दे वो मॅडम," जनू म्हणाला, पण त्याची पाठ खुर्चीत सरळ झाली होती.

रक्त काढायच्या खोलीत एकच बाक होतं. नर्सनं त्याच्या दंडाला पट्टा बांधला, शीर सापडेना म्हणून हात चोळायला लागली. गोदूबाई दाराशी भिंतीला टेकून उभी होती. डोळे मिटून जप पुटपुटत होती, पण नाव पुढं सरकत नव्हतं.

"गोदू," जनू म्हणाला. तो बाकावर थोडा सरकला होता. "उभी कशाला? बस हितं."

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. नर्सला शीर सापडली.