मेंढीच्या दुधावरचा कुत्रा

लाख्या जन्मला तेव्हा त्याच्या आईला, ढवळीला, ताप भरला होता. तिला दूधच उतरलं नाही. पिल्लं एकेक करून गेली आणि हे एक उरलं. मैनाने ते पदरात घेतलं, नुकत्याच व्यालेल्या एका मेंढीला गुडघ्यांत दाबून धरलं आणि पिल्लाचं तोंड तिच्या सडाला लावलं. मेंढीने लाथा झाडल्या, मान वळवून वळवून वास घेतला. पण मैना हटली नाही. पुढे पुढे ती मेंढी आपणहून उभी राहू लागली, एका बाजूला तिचं कोकरू आणि दुसऱ्या बाजूला कुत्र्याचं पिल्लू.

"आता ह्यो मेंढराचाच झाला," तिचा नवरा नामा म्हणाला होता. "मेंढीच्या दुधावरचं कुत्रं कळप सोडून जात न्हाय."

आणि लाख्या तसाच वाढला. लाखेसारखा तांबडा, कान पडलेले, अंगाने आईपेक्षा थोराड. कोकरांच्या गर्दीत झोपायचा, उठला की अंगाला लोकर चिकटलेली. नामाने जीभ टाळ्याला लावून नुसता आवाज काढला की लांबून वळसा घालून कळप गोळा करून आणायचा. रस्त्यावर मागून गाडी आली की मेंढरं कडेला दाबून धरायचा, दात न लावता, नुसता खांदा देऊन. नामाचे गुडघे दुखायला लागल्यापासून कळप खरं तर लाख्याच चालवत होता. नामा फक्त मागून चालायचा.

नामा आणि मैना सासवडच्या पलीकडच्या पठारावरचे धनगर. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, बोरघाट उतरायचा, खोपोली-पेण करत अलिबागच्या पट्टीत यायचं आणि भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत मेंढरं बसवायची. शेताला लेंड्यांचं खत, धनगराला तांदूळ. पूर्वी भावाभावांची चार बिऱ्हाडं मिळून उतरायची. एकेकाने मेंढरं मोडली, विकून टाकली. नामाचा मुलगा शुभम शिरवळला कंपनीत लागला आणि तिथेच राहिला. यंदा घाट उतरला तो फक्त नामाने आणि मैनाने. चाळीसेक मेंढरं, त्यांची कोकरं, एक घोडं आणि दोन कुत्री.

नागावात नीराबाईचं शेत त्यांच्या ठरावाचं. नीराबाई आगरी, केस पिकलेली, नवऱ्यामागे शेती धरून बसलेली. मैनाला पाहिल्यावर ती ओटीवरून उठून आली.

"आलाव का गो? औंदा उशीर केलाव." मग शेताकडे न बघता म्हणाली, "अर्धाच ऱ्हायलाय बघ. पोरान खोल्या बांधल्यान."

जिथे त्यांची घोडी बांधली जायची तिथे आता गुलाबी भिंतींच्या सहा खोल्या होत्या. पुढे हिरवळ, झोपाळा आणि गाड्या लावायला फरशी. नीराबाईचा मुलगा विनेश तिथेच राबत होता, मुंबईचे पाहुणे घेत होता. माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतः येऊन नामाला उरलेली जागा दाखवली, पाण्याचा नळ दाखवला. "फक्त वास जास्त येणार नाही ना मामा?" एवढं विचारलं. नामाने मेंढरं कोंडायची जाळीची वाघर शेताच्या पार टोकाला, खाडीच्या बांधाजवळ लावली.

डिसेंबर सरत आला तशा गाड्या वाढल्या. किनाऱ्यावर घोडागाड्या, पाण्यातल्या मोटारी, रात्रंदिवस गाणी. पाहुणे कोंबडी भाजायचे, मासे तळायचे, अर्धं खायचे आणि अर्धं टाकायचे. त्या उष्ट्यावर गावातली मोकाट कुत्री पोसली होती. एक दिवस लाख्या तिकडे गेला. पाहुण्यांच्या मुलींनी त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले, त्याला बिर्याणी घातली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. मग दिवस उजाडला की हिरवळीवर जाऊन बसू लागला. नामाने टाळ्याला जीभ लावून आवाज काढला की यायचा, पण थांबून, मागे बघत यायचा.

मैनाने विनेशला गाठलं. "लाख्याला खायाला घालू नगा. त्यो कामाचा कुत्रा हाय."

"मी कुठे घालतो मामी? गेस्ट घालतात. त्यांना काय सांगणार?" विनेश हसला. "आणि उरलेलं फेकूनच द्यायचं असतं. खाऊ दे ना बिचाऱ्याला. तुमच्याकडे त्याला नुसती भाकरी."

ते खरं होतं. मैना वाघरीकडे परतली. तिने नामाला सांगितलं की त्याला बांधू या. नामा नको म्हणाला. बांधलेलं कुत्रं चिडकं होतं, मेंढरात घालायच्या लायकीचं उरत नाही. "खाऊन खाऊन किती खाईल? पाव्हणं गेलं की वळंल घराकडं."

पाहुणे गेले नाहीत. लाख्या मोकाट कुत्र्यांबरोबर पुळणीवरून धावताना दिसू लागला.

त्या दिवशी नामा मेंढरं घेऊन खाडीच्या कडेने दूर गेला होता. कोकरं फार लहान, म्हणून ती लहान वाघरीत मागेच होती, ढवळी त्यांच्या बाजूला पडलेली. मैनाने हंडा घेतला आणि नळावर गेली. नळाला पाणी नव्हतं, म्हणून नीराबाईच्या विहिरीवर गेली. पोहरा ओढताना तिला कुत्र्यांचा गलका ऐकू आला. किनाऱ्यावर तो रोजचाच होता. मग त्यात ढवळीचा आवाज आला, आणि मैनाने पोहरा तसाच सोडला.

ती पोहोचली तेव्हा जाळी आडवी झाली होती. सात-आठ कुत्री आत होती. कोकरं पळतही नव्हती, एकमेकांवर चढून एका कोपऱ्यात जाळीत गुंतली होती. ढवळी एकाच्या मानेला लोंबकळत होती आणि दोघं तिला मागून फाडत होते. मैनाने सरपणातलं लाकूड उचललं आणि दिसेल त्याच्या पाठीत घातलं. कुत्री पांगली, एक मात्र पांगलं नाही. ते पाठमोरं उभं होतं, कोकरू मानेला धरून झटकत होतं, खेळातलं फडकं झटकावं तसं. तांबडं अंग, पडलेले कान.

"लाख्या," मैना म्हणाली.

त्याने कोकरू खाली टाकलं, तिच्याकडे वळला आणि शेपूट हलवली.

तिचं लाकूड वर गेलेलं तसंच राहिलं. लाख्या तिच्याजवळ आला आणि रोजच्यासारखं डोकं तिच्या मांडीला घासलं. तिच्या लुगड्याला रक्त लागलं. तिने गळ्यातल्या पट्ट्याला धरून त्याला खुंटाला बांधलं. मग कोकरं जाळीतून एकेक सोडवायला बसली. ज्यात धुगधुगी होती ती एका बाजूला ठेवली. ती बाजू फार लहान होती.

उन्हं कलताना नामा आला. मेंढरं लांबूनच ओरडत आली, दुधाने आचळं ताठलेली. रोज ती कोकरांवर तुटून पडायची आणि कोण कुणाचं ते वासाने ओळखून घ्यायची. त्या दिवशी ती शेतभर हिंडली, मेलेल्या कोकरांना हुंगून पुढे गेली, आणि पुन्हा मागे येऊन हुंगू लागली. नामा काठीवर हात ठेवून उभा राहिला.

मैनाने त्याला सगळं सांगितलं. पाण्याला गेले होते, हेही सांगितलं. लाख्याचं सांगताना तिने नामाकडे बघितलं नाही.

"सोताच्या डोळ्यानं बगितलंस?"

"व्हय."

नामा काठी खाली ठेवून लाख्याजवळ जाऊन बसला, त्याचा जबडा उघडून आत पाहिलं. लाख्याने त्याचा हात चाटला.

नीराबाई आणि विनेश धावत आले. नीराबाई मेलेली कोकरं पाहून मटकन खाली बसली आणि कपाळाला हात लावून मुलाला बोलत राहिली. विनेशचा चेहरा उतरला होता. तो नामाला म्हणाला, "मामा, लाख्याला मला द्या. मी बांधून ठेवीन. गेस्ट लोकांत राहील, मेंढरांचा संबंध नाही."

"आन साखळी सुटली तर?" नामा म्हणाला. "चौलाला, रेवदंड्याला आमचीच मान्सं मेंढरं घिऊन बसल्यात. त्यांच्या कोकरांत गेला तर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"एवढं कोण करतं मामा? जनावर आहे ते."

"म्हनूनच," नामा म्हणाला.

त्याने कुऱ्हाड आणि काठी घेतली आणि लाख्याला खुंटावरून सोडलं. मैनाला वाटलं, त्याला अडवावं. मग तिची नजर त्या मेंढ्यांवर गेली. त्यातलीच एक होती, जिच्या सडाला तिने लाख्याला लावलं होतं. आता म्हातारी झालेली ती मेंढी रिकाम्या जाळीत तोंड घालून ओरडत होती. मैना उठली नाही. नामाने काठी उचललेली पाहून लाख्याला वाटलं, मेंढरांकडे निघालो. तो उड्या मारत पुढे झाला, बांधावर चढून वळला आणि धनी येतोय ना ते पाहून थांबला. दोघं बांधापलीकडे उतरले.

नामा परत आला तेव्हा खाडीच्या पाण्याने हातपाय धुतलेले होते. तो जेवला नाही. मैनानेही चूल पेटवली नव्हती.

नीराबाईने डॉक्टर आणवला. ढवळीला टाके पडले, सुया दिल्या. पण तिने पाण्यालाही तोंड लावलं नाही. मैना तिच्या तोंडात बोटाने दूध सोडायची, ते गालातून बाहेर यायचं. दोनतीन दिवसांनी ती कुशीवरून उठलीच नाही. मैनाने तिला शेताच्या कडेला पुरलं.

मग कुत्र्याविना दिवस सुरू झाले. नामा पुढे राहिला की मागची मेंढरं फुटायची, मागे राहिला की पुढची रस्त्यावर जायची. मैना एका अंगाने धावायची, घसा बसेपर्यंत हाकारे द्यायची. एकदा मेंढरं कुणाच्या वालाच्या वेलांत शिरली आणि शिव्या खाव्या लागल्या. एकदा वळणावर मोटार करकचून थांबली, आतल्या माणसाने काच खाली करून नामाला आंधळा म्हटलं. नामा गुडघा धरून रस्त्याच्या कडेला बसला. दोन्ही बाजूंनी गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि मैना एकटी मेंढरं हाकत होती.

"दुसरं पिल्लू आनू," त्या संध्याकाळी ती म्हणाली. "मी वाढवीन."

नामाने चुलीतलं लाकूड आत सारलं. "कुनाच्या दुधावर?" तो म्हणाला. मग गुडघा चोळत, "मोडू या, मैना. आता माज्यानं हुत न्हाय."

तिने शुभमला फोन लावला. तो म्हणाला, "बरं झालं आई. मी कवापासनं सांगतोय." तो आनंदाने बोलत होता. तिला त्यावर रागही आला नाही, आणि फोन कधी ठेवला तेही तिला कळलं नाही.

पेणचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. मागची फळी उतरवली, पण मेंढरं चढेनात. अशा वेळी लाख्या मागून खांदा लावायचा. व्यापाऱ्याच्या माणसांनी पाय धरून एकेकीला आत फेकायला सुरुवात केली. मेंढ्या किंचाळल्या, एकीचा पाय फळीत अडकला.

"थांबा," नामा म्हणाला. "त्यांला असं धरू नगा."

तो गुडघ्यावर हात देत टेम्पोत चढला, पार पुढे केबिनला पाठ लावून उभा राहिला, आणि ओठ फडफडवून चाऱ्याला बोलावताना काढायचा तो आवाज काढला. पुढारी मेंढीने मान वर केली आणि फळीवर पाय ठेवला. तिच्या मागून दुसरी, मग सगळीच. कुणी हाकलावं लागलं नाही. ती नामाभोवती दाटली, त्याच्या हातात तोंडं खुपसू लागली. हातात काही नव्हतं. त्याला त्यांच्यातून वाट काढत बाहेर यायला वेळ लागला. मैनाने तोंड फिरवलं होतं. तरी फळी लागल्याचा आवाज तिला ऐकू आला.

टेम्पो गेल्यावर नीराबाई म्हणाली, "आज ऱ्हावा. उद्या एसटीनं जावा." पण घोडं एसटीत चढत नाही. त्यांनी भांडी, घोंगड्या लादल्या आणि निघाले. विनेश रस्त्यापर्यंत आला. काही बोलायचं होतं त्याला, पण एका पाहुण्याने हाक मारली आणि तो गेला.

नामा घोड्याचा दोर धरून पुढे चालू लागला. मैना मागे राहिली, कळप मधे असताना राहायची तेवढ्याच अंतरावर. मागून गाडी आली की ती दोन्ही हात पसरून कडेला व्हायची. मग आपण काय करतोय ते तिच्या ध्यानात यायचं आणि ती हात खाली घ्यायची. नामाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पेणच्या वाटेला ऊन चढत होतं.