रात्रपाळीचा बाप

उचगावात विठाबाई नोकरदार बायकांची मुलं घरी सांभाळायची. त्या पैशांवाचून महिना निभत नव्हता. ती स्वतःच बाळंत झाली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, कृष्णातनं, कारखान्यात रात्रपाळी मागून घेतली. दिवसा मुलांपाशी तो.

सकाळी कालिंदीबाई मास्तरीण लेकीला कडेवर घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"विठाबाई कुठं आहे?"

"आत निजलीया, बाळंतीण हाय की. तुमच्यागत पगारी रजा न्हाय तिला. म्हणून मी."

"पुरुषमाणसाला जमेल?"

आत खाटेवर विठाबाई जागी होऊन ऐकत होती. या परतल्या, तर बाकीच्याही मुलं काढून नेतील.

कालिंदीबाई उंबऱ्याशी बसून राहिल्या. कृष्णातनं मुलांना मऊ भात भरवला, मग पाळण्याची दोरी धरली. बघता बघता त्याचे डोळे मिटले. जागा राहिला तो दोरी ओढणारा हात.

"असं नाही चालायचं," कालिंदीबाई म्हणाल्या. तो दचकला. "माझी शाळा अकराला भरते. मी रोज नऊलाच येत जाईन. शाळेची वेळ होईपर्यंत मुलांना मी बघेन, तुम्ही झोपायचं."

आतून विठाबाईचा आवाज आला, "त्या दोन तासांचं पैसं कापू नका हां, बाई."

कालिंदीबाई हसल्या आणि त्यांनी दोरी आपल्या हाती घेतली.