दुसरं कार्ड

“महाराज, घरचे तुम्हाला शोधत नाहीत का?”

विचारलं एकदाचं! टकळीने ओठ आवळून हसू आत कोंबलं. तिकडे घरी बसलेल्या मैत्रिणींनी हीच पैज लावली होती. ‘नदीचे फोटो कसले पाठवतेस, एखाद्या खऱ्याखुऱ्या साधूला हे विचारून दाखव, मग मानू तुला,’ असं चष्मिसने लिहिलं होतं आणि बाकीच्या भवान्यांनी त्याखाली दात काढणाऱ्या तोंडांची रांग लावली होती. गेल्या वर्षी वर्गात उभं राहून उत्तर द्यायची वेळ आली की हीच टकळी घामाघूम व्हायची. आता परक्या गावात, परक्या भाषेत ती एका जटाधारी म्हाताऱ्याची फिरकी घेत होती. शब्द मोडके होते, त्यांना व्याकरणाचा वारा लागलेला नव्हता, पण प्रश्न पोचला.

म्हातारे महाराज मठाच्या अंगणात, नळाजवळच्या दगडावर बसून भगवी छाटी पिळत होते. पीळ अर्ध्यावर थांबला. पाण्याची धार बारीक होत होत थेंबांवर आली. त्यांनी मान वर केली आणि आंघोळ करणाऱ्या माणसाचं दार कुणी धाडकन उघडावं तसा त्यांचा चेहरा झाला.

खांबाआडून कॅमेऱ्याची कुरकुर ऐकू आली. बारीक, भरभर, उंदराने काहीतरी कुरतडावं तशी.

पप्पांची ही पद्धतच होती. “कॅमेरा दिसला रे दिसला, की साधूसुद्धा देव्हाऱ्यात बसल्यासारखा बसतो,” असं ते म्हणत. म्हणून आधी टकळीने जायचं, गप्पांत गुंतवायचं, आणि समोरचा स्वतःला विसरला की पप्पांनी लांबून, आडोशाने, मोठी लेन्स लावून तो चेहरा टिपायचा. तिची जीभ ही पप्पांची तिसरी लेन्स होती, आणि तिला त्याचा कोण अभिमान! नियम एकच. काही झालं तरी कॅमेऱ्याकडे बघायचं नाही.

कुणाच्या लक्षात आलंच, तर त्यावरही तोड होती. सकाळी नदीच्या पायऱ्यांवर एक तरुण साधू चांगलाच भडकला होता. पप्पांनी हात जोडले, कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यापुढे धरला आणि फोटो पुसून टाकला. तो साधू निवला, निघून गेला. मग टकळीला हसू आवरेना.

“पप्पा, तुमचं दुसरं कार्ड म्हणजे नुसता चोरखिसा आहे! बिचाऱ्याला वाटलं, गेला फोटो. कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, एकावरचा पुसला तरी दुसऱ्यावर राहतो, हे त्याच्या सात पिढ्यांना कळायचं नाही.”

“अगं, हळू,” आई म्हणाली होती.

“बोल गं बिनधास्त,” पप्पा म्हणाले होते. “इथे आपली भाषा कुणाच्या बापाला कळतेय!”

त्या पायऱ्यांवर तेव्हा दुसरं होतं तरी कोण? खालच्या पायरीवर कुणीतरी एक पाठमोरा म्हातारा कमंडलू विसळत बसला होता, तेवढाच.

तर आता कॅमेरा कुरकुरला आणि टकळीला राहवेना. आजवरचा सगळ्यात भारी चेहरा आपण काढून दिला, तो पप्पांना मिळाला की नाही? तिने खांबाकडे पाहिलं. पापणी लवते न लवते तोच नजर परत आणली, पण महाराजांची नजर तिच्या नजरेमागून चालत खांबापर्यंत जाऊन आली होती.

“फोटो काढला ना?” त्यांनी विचारलं.

टकळी चपापली. प्रश्नाने नव्हे. प्रश्न तिच्याच भाषेत होता. शेजारच्या काकांनी जिन्यात विचारावा तसा, एकही अक्षर न अडखळता.

मघापासून या माणसासमोर आपण काय काय बोललो? मघाशीच पप्पा म्हणाले होते, “कपाळ बघ म्हाताऱ्याचं, नुसता नकाशा!” आणि टकळी म्हणाली होती, “नाक मात्र डिट्टो आपल्या हेडबाईंचं.” तिचे कान तापले.

“तुम्हाला... आपली भाषा येते?”

“विसरायचा प्रयत्न केला. जमलं नाही.”

पप्पा खांबाआडून बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू होतं. “नमस्कार महाराज. तुमचा चेहरा इतका बोलका आहे, की राहवलं नाही बघा. पण तुमची इच्छा नसेल तर पुसून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर.”

“टाका.”

पप्पांनी पडदा त्यांच्यापुढे धरला, बटण दाबलं. पडद्याने ‘नक्की?’ असं विचारलं, पप्पांनी पुन्हा दाबलं. “हे बघा. गेला.”

महाराजांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते टकळीकडे बघत होते. टकळी ओल्या फरशीकडे बघत राहिली. एरवी तिच्या तोंडाला कुलूप कसं असतं ते माहीत नव्हतं, आता किल्ली कुणी नेली कोण जाणे.

“तुम्ही व्हा पुढे,” महाराज पप्पांना म्हणाले. “पोरीने प्रश्न विचारलाय. उत्तर देऊन पाठवतो.”

पप्पा सुटल्यासारखे भराभर निघाले. फाटकापाशी आई लेन्सची पिशवी सांभाळत उभी होती, तिच्या कानाशी ते काहीतरी पुटपुटले. पिशवीची चेन लागल्याचा आवाज अंगणभर आला.

महाराजांनी छाटी झटकून दोरीवर टाकली, कडेला कडा जुळवून. मग पुन्हा दगडावर बसले.

“शोधलं,” ते म्हणाले. “खूप शोधलं. शोधून दमले, मग रडून मोकळे झाले. मला जिवंतपणी पोचवलं त्यांनी.”

“म्हणजे तुम्ही पळूनच आलात?” तोंडातून निघून गेलं आणि टकळीने जीभ चावली.

“पळूनच.” ते किंचित हसले. “लोक म्हणतात वैराग्य. तू बरोबर शब्द वापरलास.”

“मग परत का नाही गेलात?”

“गेलो होतो एकदा. फार नंतर. रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. खिडकी उघडी होती, दिवा लागलेला होता. भिंतीवर माझा फोटो. हार घातलेला. चांगला दिसतो मी त्यात, तरुण.” ते थांबले. “खाली सगळी जेवत होती. एकसुद्धा माणूस दाराकडे बघत नव्हता. त्या घरात दाराकडे बघायचं थांबायला किती वर्षं लागली असतील, त्याचा हिशोब करत उभा राहिलो आणि तसाच मागे फिरलो.”

नळ टपटपत होता. टकळीला वाटलं, उठून तो घट्ट बंद करावा. उठता येईना.

“माझा तेवढा एक फोटो पुरे आहे,” महाराज म्हणाले. “आमची मंडळी उद्या उजाडायच्या आत निघतील. पुन्हा गाठ पडायची नाही. जा, आई वाट बघत असेल.”

ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

“आवाज खणखणीत आहे तुझा. लांबवर ऐकू येतो.”

तिला वाटलं, मघाच्या नाकावरच्या टोमण्याबद्दलच म्हणताहेत. शरमेने तिने मान नुसती हलवली आणि पळत सुटली.

*

मुक्कामाच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून उतरतं ऊन सरळ पलंगावर पडत होतं. पप्पांनी पडदा ओढला, लॅपटॉप उशीवर ठेवला आणि दुसरं कार्ड खोबणीत सरकवलं. एकेक चेहरा सरकत गेला, आणि मग तो आला.

पप्पा लॅपटॉपवर वाकले. मग अगदी हळू म्हणाले, “आलं. या एकासाठी जन्म घालवला असता.”

ते खोटं नव्हतं. आयुष्यभर पप्पा लोकांच्या लग्नात ‘जरा हसा, जरा जवळ या’ करत उभे राहिले होते. आपल्या शहरातल्या मोठ्या कलादालनाने त्यांच्या साधूंच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं कबूल केलं, त्या दिवशी त्यांनी आईला स्वयंपाकघरात गरकन फिरवलं होतं. आज संध्याकाळपर्यंत पोस्टरसाठी एक चेहरा पाठवायचा होता. तो दालनाबाहेर, भर चौकात, भिंतीएवढा लागणार होता.

“आपल्या शहरात,” टकळी म्हणाली.

“मग काय परदेशात?”

तिने सगळं सांगितलं. खिडकी, हार, दाराकडे न बघणारी माणसं. आपल्याच भाषेची, कदाचित त्याच चौकातून जाणारी. सांगताना कधी नव्हे ते तिला शब्द शोधावे लागले. पप्पांनी ऐकून घेतलं, तसे ते वाईट नव्हते.

“हे बघ, नाव आपण लिहिणार नाही. आपल्याला माहीतही नाही. एवढ्या जटा, एवढी दाढी. इतक्या वर्षांनी कोण ओळखतंय?”

आई खिडकीशी लेन्स पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुम्ही असता, तर मी ओळखलं असतं.”



“अगं, तू पण आता...” पप्पांनी फोटो मोठा केला. “आणि हा कोपरा तर कापायचाच आहे.”

टकळीने वाकून पाहिलं. कोपऱ्यात ती होती. प्रत्येक फोटोत ती अशीच कुठेतरी असे, कधी कोपर, कधी वेणीचं टोक. पप्पा ते कापून टाकत आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं. या वेळी पूर्ण चेहरा आला होता. मधोमध महाराज, पिळलेली छाटी हातात, डोळे उघडे पडलेले. आणि कडेला ती, त्यांच्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघणारी, गळाला मासा लागल्यासारखी खूश. पैज जिंकलेलं तोंड. हेच तोंड घेऊन ती इतके दिवस म्हाताऱ्याकोताऱ्यांसमोर मांडी घालून बसत होती.

“कापू नका,” ती म्हणाली.

“तुला ठेवलं तर फोटोचा विचका होईल, राणी.”

“म्हणूनच.”

पप्पा वैतागले. “मी त्या माणसाला काय फसवलंय? कॅमेऱ्यातला पुसतो म्हणालो, पुसला. त्याचं समाधान झालं. हा दुसरा आहे हे त्याला कुठून कळणार? पोस्टर लागेपर्यंत कुठल्या कुठे निघून गेलेला असेल तो. त्याला काही कळायचं नाही!”

कळायचं नाही.

टकळीच्या डोळ्यांपुढे सकाळच्या पायऱ्या आल्या. तरुण साधूची पाठ वळली होती, ती स्वतः पोट धरून हसत होती, दुसरं कार्ड, चोरखिसा, सात पिढ्या. आणि खालच्या पायरीवर तो पाठमोरा म्हातारा. कमंडलूत राख घालून गोल गोल फिरणारा त्याचा हात. तिचं बोलणं चालू असताना तो हात थांबला होता. मानेवर जटांची एक बट सुटून आली होती. तीच बट आत्ता लॅपटॉपच्या पडद्यावर, महाराजांच्या खांद्यावर होती.

आवाज खणखणीत आहे तुझा.

म्हणजे पप्पा बटण दाबत होते तेव्हा महाराजांना ठाऊक होतं. पडद्याकडे बघायची गरजच नव्हती त्यांना. सगळं ठाऊक असून त्यांनी पप्पांना पाठवून दिलं आणि तिला बसवून ती खिडकी, तो दिवा दाखवला. कार्ड मागितलं नाही, आरडाओरडा केला नाही, तिला खोटारडी म्हटलं नाही.

मोबाइल पलंगावर थरथरला. चष्मिसचा निरोप असणार, ‘विचारलंस का गं? काय म्हणाला तो?’ टकळीने तो उलटा करून ठेवला.

“हे कॉम्प्युटरवर घेतलं का?” तिने विचारलं.

“चहा घेऊन घेतो. का?”

“आणि बाकीचे सगळे फोटो पहिल्या कार्डावर आहेत ना? पुसलेले सोडून?”

“आहेत की. का पण?”

तिने हात पुढे केला आणि खोबणीतलं कार्ड दाबून बाहेर काढलं. पडद्यावरचा चेहरा गेला. नखाएवढी ती वस्तू तिने मुठीत धरली. पप्पा ताडकन उठले. “ए! खेळणं आहे का ते? आण इकडे.” त्यांनी हात पुढे केला, आणि तो हात तसाच अधांतरी राहिला, कारण लेन्स बाजूला ठेवून आई उठली होती आणि टकळीच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. खिडकीचा पडदा तिने सरकवून टाकला.

उन्हात टकळीने पप्पांकडे सरळ पाहिलं. तिचा आवाज लांबवर ऐकू जाईल इतका खणखणीत होता.

“पप्पा, आई, मी मठात जातेय. हे कार्ड महाराजांच्या हातात देणार आणि सॉरी म्हणणार. तुम्ही येणार असाल तर या. कॅमेरा इथेच ठेवायचा.”