जुना जर्दा की नवा

उल्हास मूळचा जयसिंगपूरचा. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर लेऑफमध्ये नोकरी गेली, तेव्हा त्यानं भारतातून किराणा इम्पोर्ट करायला सुरुवात केली. पोहे, मसाले, पापड. त्यात जम बसल्यावर चुलतभावाच्या, नकुलच्या, कारखान्यातला जर्दा मागवायचं त्याच्या मनात आलं. मोटेलवाले, ट्रकवाले, मुलांकडे राहायला आलेले म्हातारे, सगळेच विचारायचे. रत्ना, त्याची बायको, या फंदात पडू नकोस म्हणाली. त्यावर त्याचं म्हणणं एकच: लेबलवर इशारा छापायचा, टॅक्स भरायचा, मग चोरी कसली?

ह्यूस्टनच्या बंदरात खोकी अडवली गेली. तिथल्या अन्न-औषध खात्याच्या नोटिशीत प्रश्न होता की हा जर्दा २००७ सालच्या पंधरा फेब्रुवारीला अमेरिकेत विकला जात होता का. होता, तर तो जुना माल, परवानगी लागत नाही. नव्हता, तर नवा, आणि नव्याला आधी परवानगी हवी.

ओळखीतल्या हिमानीनं, ती वकील होती, कागद दोनदा वाचले. जर्दा तेव्हा विकला जात असला, तरी नंतर त्यात काही बदललं असेल, तर तो पुन्हा नवा ठरू शकतो, असं तिनं समजावलं. नकुलनं फोनवर शपथेवर सांगितलं की मसाला तोच आहे, फक्त पुडी बदलली. मग पुडीमुळे माल नवा होतो का?

"काका, हो म्हणणारा वकील मिळेल आणि नाही म्हणणाराही," हिमानी म्हणाली. "दोघंही चूक नसतील."

उल्हासनं खात्याला पत्र लिहून सरळ विचारलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं, तेही प्रश्नाच्या रूपात: त्या काळच्या विक्रीचा पुरावा द्या.

पुरावा प्रल्हादकडे होता. जवळच्या अर्व्हिंग गावात त्याचं किराणा दुकान होतं आणि उल्हासच्या पोह्यांचं तो सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. नकुलचा जर्दा त्यानं २००३पासून विकला होता. उल्हास त्याच्याकडे गेला, तेव्हा प्रल्हादनं चहा दिला आणि जुनी बिलं माळ्यावर असल्याचंही कबूल केलं.

"मग ती बिलं आणि त्यांवर एक सही द्या, प्रल्हादभाऊ. एवढ्यावर माल सुटेल."

"सही केली की आज काय विकता, हे मला विचारायला येतील." प्रल्हादनं कप बाजूला केला. "तुम्ही विचारायला गेलात, तिथंच चुकलात. मी आजवर कुणाला विचारलं नाही."

त्या दुपारी उल्हासनं प्रल्हादच्या दुकानाचा पत्ता घालून, इथं काय विकतात ते तपासा म्हणून, खात्याला एक ईमेल लिहिला. पण पाठवायची त्याची हिंमत झाली नाही. माणुसकी वगैरे काही आड आली नव्हती; प्रल्हादचं दुकान बंद झालं असतं, तर पोहे घेणार कोण? ईमेल डिलीट करताना त्याला स्वतःचीच किळस आली.

पुरावा द्यायची मुदत संपली. माल परत पाठवणं परवडत नव्हतं, म्हणून त्यानं नष्ट करण्याच्या संमतीवर सही केली. हिमानी म्हणाली, निकाल तुमच्या विरुद्ध लागलेला नाही, तो लागलेलाच नाही. त्याचा काही दिलासा वाटला नाही.

महिन्याभरानं पोह्यांची डिलिव्हरी घेऊन तो अर्व्हिंगला गेला. काउंटरशी एक आजोबा उभे होते. प्रल्हादनं खालच्या खणातून त्यांना जर्द्याची पुडी दिली. नकुलचीच नवी पुडी, दोन महिन्यांपूर्वीची तारीख छापलेली. हा माल बंदरातून आलेलाच नव्हता.

उल्हासनं बाहेर येऊन गाडीतूनच नकुलला फोन लावला.

नकुल जराही ओशाळला नाही. "येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगेतून पाठवतो रे. तुझा माल गेला, पण मला कारखाना चालवायचाय. कायदा तुला पाळायचा होता."

उल्हासनं फोन ठेवला, परत आत गेला आणि राहिलेली खोकी उतरवली. घरी रत्नानं विचारलं, प्रल्हाद काही बोलला का.

"पुढच्या वेळी पोहे जास्त हवेत म्हणाला," उल्हास म्हणाला आणि हात धुवायला गेला.