छत कापलं त्या सकाळी

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. दादा मला ठिणगी म्हणतो. घरात म्हणतो, भर रस्त्यात म्हणतो, आणि एकदा माझ्या कामाच्या ठिकाणी येऊन म्हणाला, तेव्हापासून तिथलेही तेच म्हणतात. मी एका छोट्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर लोकांचे खोटे दात घासायचे आणि खरे दात ओठांआड ठेवायचे, असं आमचं काम.

तर या ठिणगीने एक गाडी घेतली. जुनी, लाल, दोनच सीटची, वर कापडाचं छत. ते छत मागे घडी करून ठेवता येतं, अशी. स्वस्तात मिळाली, कारण आधीच्या मालकाला जुळं झालं आणि दोन सीटवर चौघं काही मावेनात. गाडी दारात आली त्या दिवशी दादाने घर डोक्यावर घेतलं.

"दोन सीट! अगं, एकीवर तू बसशील. दुसरीवर काय तुझा राग बसणार?"

वहिनी दारातच उभी होती. "घेऊ दे तिला," ती म्हणाली. "हौस आहे तिची. तुमच्या खिशातून घेतलीय का?"

दादा मुकाट्याने आत निघून गेला. वहिनीपुढे त्याचं कधीच काही चालत नाही. मला त्याची गंमत वाटते आणि बरंही वाटतं. आई गेली तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. त्याच वर्षी वहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली आणि तिने पहिलं काम काय केलं, तर माझ्या केसांतल्या गाठी सोडवल्या. मी किंचाळत होते, चावलेसुद्धा तिला. तिने हात झटकला आणि पुन्हा कंगवा घेतला. त्यांना मूल झालं नाही. झालं असतं तरी माझ्या वाटणीचं काही कमी झालं नसतं, एवढं मला ठाऊक आहे.

गाडीचं म्हणाल, तर तिने मला माणसात आणलं. जुन्या गाडीवर रागावून चालत नाही. गंजलेला नट चिडून फिरवला की त्याचं डोकं तुटतं आणि मग बसा रडत. मी तेल बदलायला शिकले, ब्रेक बदलायला शिकले. छताच्या कडेला पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात, त्यांत पाला अडकला की सीटखाली तळं साचतं. ती भोकं तार घालून साफ करायला शिकले. रविवारी मी गाडीखाली आडवी पडलेली असायचे आणि वहिनी चहाचा कप जमिनीवरून माझ्याकडे सरकवायची. "जिवंत आहेस ना गं?" एवढंच विचारायची.

एक गोष्ट मात्र मी कधी केली नाही. छत उघडलं नाही. कापड आकसलं होतं, मागची प्लास्टिकची खिडकी कडक झाली होती, घडीच्या लोखंडी दांड्या सांध्यांत गंजल्या होत्या. आमचे गॅरेजवाले मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, उघडाल तर उघडेल कदाचित. बंद होईल याची हमी माझ्याकडे मागू नका." नवं छत घ्यायची माझी ऐपत नव्हती. म्हणून उघडी गाडी घेऊन मी बंद गाडीत फिरत राहिले. दादाला तर आयतंच सापडलं. ऊन दिसलं की विचारायचा, "काय ठिणगे, आज झाकण उघडणार का?"

या चेष्टा तो खुर्चीत ताठ बसून करायचा, कारण दुसरं कसं बसता येतच नव्हतं. त्याच्या पाठीचे मणके एकमेकांना चिकटत गेले होते. आधी कंबर, मग पाठ, शेवटी मान. चालायचा, बसायचा, पण मान वाकत नाही की वळत नाही. बोलायचं तर आपण त्याच्या समोर जाऊन उभं राहायचं. वहिनी दिवसातून शंभर वेळा त्याच्या समोर जाऊन उभी राहायची आणि एकदाही कुरकुरायची नाही. मी असते तर दुसऱ्याच दिवशी भिंतीशी बोलत बसले असते.

आणि मग वहिनीच आजारी पडली. जिना चढताना दम लागायला लागला, ओठ निळसर दिसायला लागले. हृदयाची झडप खराब. डोंगरापलीकडच्या शहरात मोठं हॉस्पिटल आहे, तिथे मी तिला त्याच लाल गाडीतून नेऊन दाखल केलं. ऑपरेशनचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी दादाचं आवरून दिलं की मी तिकडे जायचं, असं आमचं ठरलेलं.

उजाडताच नर्सचा फोन आला. "तुमच्या वहिनी ऑपरेशनला जायला तयार नाहीत."

"म्हणजे काय?"

"म्हणतात, आधी यांना बघते, मग काय कापायचं ते कापा."

मी वहिनीला फोनवर बोलवून घेतलं. तिला म्हटलं, फोनवर बघ ना दादाला, दाखवते तुला. तर म्हणाली, "फोनवर काय, बातम्यापण दिसतात." आवाज बारीक येत होता. मग हळूच म्हणाली, "अगं, मला भीती वाटतेय." वहिनीने हा शब्द माझ्यासमोर कधी काढला नव्हता.

डॉक्टरांनी फोन घेऊन स्पष्ट सांगितलं. दुपारपर्यंत वाट बघू. आज नाही झालं तर पुढची वेळ कधी मिळेल सांगता येत नाही, आणि ही झडप तितकी थांबेल असं मला वाटत नाही.

आता दादाला न्यायचं कसं? साध्या गाडीच्या दारातून आत शिरायला डोकं वाकवावं लागतं आणि त्याचं डोकं वाकत नाही. टॅक्सीचा प्रयोग मागे केला होता, कपाळाला टेंगूळ घेऊन परत आला. ॲम्ब्युलन्समध्ये आडवं झोपवलं तर मान उशीला टेकत नाही, अधांतरी राहते. मागच्या वेळी तसं नेलं तेव्हा वाटेतच वेदनेने बेशुद्ध पडला होता, आणि डॉक्टरांनी पुन्हा तसं नेऊ नका म्हणून बजावलं होतं. चाकाची खुर्ची आत जाईल अशी उंच व्हॅन आमच्या गावात एकच. ती उद्याशिवाय मिळणार नव्हती. मी त्या व्हॅनवाल्याला जे बोलले ते इथे सांगत नाही.

फोन आपटला आणि वळले, तर दादा कोट घालून दारात उभा. एक बाही अजून लोंबकळत होती.

"तुझ्या त्या डबड्याचं छत निघतं ना?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. चेष्टेचा लवलेश नव्हता चेहऱ्यावर.

"निघतं," मी म्हटलं. "म्हणजे, निघायला हवं."

बाहेर थंडी मी म्हणत होती. अशा थंडीत ते प्लास्टिक काचेसारखं तडकतं, म्हणून मी केस वाळवायचं मशीन लांब वायरला जोडून आणलं आणि खिडकी शेकत बसले. पुढच्या काचेवरच्या छताच्या खिट्या सोडल्या. छत उचललं. वीतभर उचललं गेलं आणि खिडकी इकडून तिकडे उभी चिरली. बरं, चिरली तर चिरली. आणखी मागे ढकललं तर दांड्या मधेच अडल्या. ना पुढे ना मागे. तेल घातलं, हातोडीने ठोकलं, खांद्याने रेटलं. छत आ वासून उभं.

मिस्त्रींना फोन लावला. ते झोपेत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, करवत आहे का घरात?"

"मिस्त्री, कापू?"

"माणूस महत्त्वाचा आहे ना? मग कापा. दांड्या पोकळ आहेत, फार वेळ नाही लागायचा."

माझी लॅबची करवत घरातच होती. मी पाय रोवून पहिल्या दांडीला लावली, तर मागून दादाचा आवाज. "ठिणगे, थांब. कापू नकोस गं. दुसरं काहीतरी बघू. इतकी जपलीस ती गाडी."

आयुष्यभर जिला डबडं म्हणाला, तिच्यासाठी हा माणूस गयावया करत होता. मला हसूही आलं आणि डोळे भरूनही आले. "गप्प बस रे," मी म्हटलं. "वेळ नाहीये." आणि कापलं. लोखंडाचा कीस माझ्या बाह्यांवर उडत होता. शेवटची दांडी तुटली तसं ते सगळं लटांबर मी उचलून भिंतीला टेकवलं. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. खरं सांगते, नाही वाटलं.

सीटवर उशी ठेवली. धक्के कमी बसावेत म्हणून टायरमधली हवा थोडी सोडली. दादा गाडीकडे पाठ करून उभा राहिला, मी त्याच्या कमरेला धरून हळूहळू खाली सोडलं, मग एकेक पाय उचलून आत घेतला. डोक्यावर नुसतं आभाळ. अडायला काही नव्हतंच. त्याच्या डोक्यात वहिनीची लोकरीची टोपी घातली, पांघरूण कोंबलं आणि निघालो.

मी डोक्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला हंडा असावा तशी चालवत होते. मागे ट्रक हॉर्न वाजवत होते, मी एकालाही उत्तर दिलं नाही, यावरून काय ते समजा. डोंगर चढलो तशी उन्हं आली. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यामुळे असेल, मी विचारलं नाही.

"दुखतंय का?"

"नाही. जरा दाब की. म्हातारी चालवतेय का गाडी?"

पोचलो. हॉस्पिटलच्या पायऱ्यांशी गाडी लावली आणि धावत जाऊन नर्सला बोलवून आणलं. चाकाची खुर्ची आली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अशा बुटक्या गाडीत बसणं सोपं, उठणं कठीण. उठताना पुढे झुकावं लागतं. वर्षानुवर्षं मी रोज त्या सीटवरून कण्हत उठतेय आणि ही एवढी गोष्ट मला आठवली नाही! दादा झुकूच शकत नव्हता. वॉर्डबॉयने हात धरून ओढायला घेतलं तशी नर्स ओरडली, "मान ओढू नका त्यांची!"

दादा गाडीत. वहिनी दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टर घड्याळ बघताहेत. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की वॉर्डबॉय दोन पावलं मागे सरला.

नर्सने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "थांबा," म्हणाली आणि आत गेली.

ती परत आली तेव्हा चाकाच्या खुर्चीत वहिनी होती. हॉस्पिटलचा झगा, त्यावर ब्लँकेट, हाताला सलाइन. इतकी लहान दिसत होती. "अहो," म्हणाली, आणि खुर्चीतूनच हात पुढे केला. आम्ही दोघींनी धरून तिला माझ्या जागेवर, स्टिअरिंगपुढे बसवलं. मी सलाइनची बाटली उंच धरून बाहेर उभी राहिले.

दोन सीट. दोघं. पण दादाला बाजूला बघता येत नव्हतं आणि समोर येऊन उभं राहायचं त्राण वहिनीत नव्हतं. ती एकदा त्याच्याकडे वळली. मग हात वर करून तिने काचेवरचा छोटा आरसा धरला आणि थोडा थोडा फिरवत राहिली.

"दिसतेय का?"

"अजून थोडा. हं. दिसतेस."

दोघं आरशात बघत बसले.

"दाढी नाही केलीत."

"ठिणगीने वेळच दिला नाही."

मग दादाने विचारलं, "घाबरलीस?"

"हो."

"मीपण."

वहिनीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात तसाच राहिला. माझा वर धरलेला हात भरून आला होता, नाक वाहत होतं, पुसायची सोय नव्हती. मी त्या गाडीचे मनातल्या मनात इतके आभार मानले की माणसाचेही कधी मानले नसतील. बघता बघता वहिनीचा श्वास सावकाश झाला. मग ती नर्सला म्हणाली, "चला. आता काही नाही." जाताना माझ्या बाहीवरचा लोखंडाचा कीस तिने झटकला. "काय कापून आलीस?"

"नंतर सांगते," मी म्हटलं.

ती आत गेली. दादाला उचलायला चार माणसं आणि चादर घेऊन वॉर्डबॉय आला, तर हा म्हणतो, मी इथेच बसतो. रखवालदार म्हणाला, पायऱ्यांशी गाडी ठेवता येणार नाही. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर तो नरमला आणि म्हणाला, थोडी पुढे तरी घ्या. मी पुढे घेतली. आता हॉस्पिटलचं दार आमच्या पाठीमागे आलं.

"आरसा," दादा म्हणाला. "त्यात ते दार दिसेल असा कर."

केला. मी त्याच्या शेजारी बसले. ऊन चढलं, कललं. मी चहा आणला, त्याला नळीने पाजला. येणारे-जाणारे बिनछताच्या गाडीतल्या टोपीवाल्या माणसाकडे वळून बघत होते. तो कुणाकडेच बघत नव्हता. मी सारखी मागे वळत होते, शेवटी मान दुखायला लागली म्हणून सोडून दिलं. मला बघवतच नव्हतं. मी माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत बसले.

"नर्स आली," दादा म्हणाला.

माझी वळायची हिंमत होईना.

"पायऱ्या उतरतेय. आपल्याकडेच येतेय." त्याचा आवाज फाटला. "ठिणगे. अगं, हसतेय ती. हसतेय."