लोरेटाच्या कमरेची फिरकी

मी एक फिरकी बोलतेय. पतंगाची नव्हे, माझ्या दोऱ्याने आकाश कधी पाहिलंच नाही. पाण्याने भरलेल्या खाणीत मी जायचे, आणि तीही जादाची म्हणून, कमरेला लटकून. तिथे एक मुख्य दोरा तोंडापासून आतपर्यंत बांधलेला असतो. पाणबुडे तो धरून आत जातात आणि तो धरूनच परत येतात. तो हातून सुटला, तर माझी आठवण व्हायची.

माझा जन्म न्यूफाउंडलंडजवळच्या एका बेटावर, अँब्रोज डाल्टनच्या शेडमध्ये झाला. मासे चिरायच्या जाड प्लास्टिकच्या फळीतून त्याने माझ्या चकत्या कापल्या. होडीच्या मोडक्या कठड्याची सळई वाकवून मूठ केली. अँब्रोज तरुणपणी इथल्या लोखंडाच्या खाणीत होता. खाण बंद पडली, पंप थांबले, समुद्राखाली गेलेले बोगदे भरत गेले. कितीतरी घरं पोटासाठी ऑन्टारिओला गेली. अँब्रोज राहिला, पण त्याच्या घरात खाणीचं नाव कुणी काढायचं नाही.

आणि त्याचीच मुलगी लोरेटा त्या पाण्यात उतरायला लागली.

"आम्ही रोज तिथून बाहेर यायची वाट बघायचो," मूठ घासता घासता तो म्हणाला. "तू सुट्टीच्या दिवशी हौसेने आत जातेस."

"मग नका करू फिरकी. मी विकतची घेते."

"विकतच्यांवर माझा भरवसा नाही," असं पुटपुटत त्याने पांढरा दोरा गुंडाळायला घेतला. किती घट्ट आणि किती एकसारखा गुंडाळला, हे माझं मला माहीत.

लोरेटाबरोबर बुडी मारायचा तो क्लेम. फेरीबोटीवर नोकरी करणारा, थट्टेखोर माणूस. मला पाहताच म्हणाला, "लोरेटा, खाली कॉड मासे धरायला निघालीस की काय?"

"बाबांच्या हातची आहे. गप्प बस."

मग पुष्कळ वेळा आम्ही खाली गेलो. काळोख्या, थंडगार पाण्यात कामगारांची फावडी अजून भिंतीला टेकून उभी होती. एका कोनाड्यात कुणाचा तरी चहाचा मग होता. लोरेटा कशालाच हात लावायची नाही. नुसता दिवा धरून बघत राहायची. घरी मात्र काही सांगायची नाही. बाबा विचारायचेच नाहीत.

त्या दिवशी क्लेमच्या बुडबुड्यांनी छताचा गंज सुटला. क्षणात सगळं पाणी लाल झालं. लोरेटाच्या हातात मुख्य दोरा होता, पण मागे क्लेम नव्हता. तिने आपला दिवा हाताने झाकला आणि त्याचा उजेड कुठे दिसतो का पाहिलं. नाहीच दिसला.

तेव्हा तिचा हात माझ्यावर आला. माझं टोक तिने मुख्य दोऱ्याला बांधलं आणि भिंत चाचपत निघाली. परतीची हवा राखून क्लेमसाठी जेवढी थांबता येईल तेवढी ती थांबणार होती. मी गरगर फिरत राहिले. फिरता फिरता हलकी झाले. आणि माझ्यावरचा शेवटचा वेढाही सुटला.

दोरा संपला, क्लेम सापडला नव्हता. लोरेटाने मला सोडलं नाही. एका हाताने मला धरून तिने अख्खं अंग ताणलं, पाय लांब केले, अंधारात हलवत राहिली. कुणीतरी तिचा घोटा घट्ट धरला.

क्लेमच होता. एका खांबाला मिठी मारून तो वाट पाहत होता. लोरेटाने त्याचा हात माझ्या दोऱ्यावर ठेवला आणि तीच वाट धरून दोघं निघाले. मला गुंडाळायला वेळ नव्हता. मी तिथेच राहिले, पण त्यांची लांब जाणारी ओढ मला दोऱ्यातून जाणवत होती. मग दोरा सैल पडला.

पुढच्या उन्हाळ्यात क्लेम मला घ्यायला आला. सगळा दोरा गुंडाळून त्याने मला वर आणलं आणि थेट अँब्रोजच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. मी गंजाने लाल झाले होते.

"अँब्रोजकाका, ही तुमची."

"हरवली म्हणाली होती लोरेटा."

लोरेटा किटलीशी उभी होती. ती वळली नाही.

"हरवली नव्हती," क्लेम म्हणाला. थट्टेचा एक शब्दही त्याला सुचत नव्हता. "मी हरवलो होतो. मला शोधताना ही खाली राहिली."

अँब्रोजने माझ्या मुठीवरचा गंज अंगठ्याने पुसला. मग त्याने विचारलं, "दोरा किती लागला?"

"सगळा, बाबा," लोरेटा हळूच म्हणाली.

तो उठला, खुंटीवरचा कोट घेतला.

"कुठे निघालात?"

"शेडमध्ये. मोठी करायला हवी."

आता ती मोठी फिरकी खाली जाते. मी खिडकीत असते. लोरेटा गेली की अँब्रोज मला मांडीवर घेतो आणि माझी मूठ उगाच पुढे-मागे फिरवत बसतो. बाहेर तिची गाडी वाजली की मला खाली ठेवतो, दोन कप काढतो आणि ती बूट काढायच्या आत विचारतो, "काय काय पाहिलंस आज?"

ती सांगत असते. चहा थंड होतो. मला कुणी उचलत नाही, आणि तसंच असू दे.